भंडारा उचललेला हात

सिंधुबाईनं भंडारा उचलला मंगळवारी, आणि ग्रामसभा होती शुक्रवारी. तीन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं? पण बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला चारचौघींनी 'आमच्या वतीनं तू बघ' म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं, आणि सिंधुबाईच्या अंगावर ते जरा लवकरच चढायचं.

निमगाव केतकीहून सात किलोमीटर आत असलेल्या त्या गावात दर मंगळवारी बाजार भरतो. पाटी मांडली की पंचायतीचा गोकुळ वीस रुपयांची पावती फाडतो. ही बाजारपट्टी आता दुप्पट होणार, अशी कुणकुण लागली होती. भाजीवाल्या बायका बहुतेक बाहेरगावच्या. पट्टी भरायची त्यांनी, पण ग्रामसभेत हात वर करायचा हक्क गावच्या मतदाराला. त्यांच्यात गावची अशी एकटी सिंधुबाई. म्हणून तिच्या शेजारी बसणाऱ्या बानूबाईनं चंचीतून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली आणि चिमूटभर तिच्यापुढं धरला.

"पट्टीवाढीला हात वर करायचा न्हाय. उचल."

सिंधुबाईनं उचलला, म्हणजे देवाची शपथच घेतली. वाढीव पैसा कशाला हवाय, हे विचारायचं ना तिला सुचलं, ना बाकीच्यांना.

ते शुक्रवारी शाळेच्या पटांगणात कळलं. ग्रामसेवकानं ठराव वाचला. वाढीव बाजारपट्टीतून गावातल्या पिवळ्या रेशनकार्डाच्या रुग्णांना बारामतीला डायलिसिससाठी न्यायला-आणायला मोफत गाडी.

सिंधुबाईनं शेजारी पाहिलं. तिला लागूनच तिची धाकटी जाऊ अनसूया बसली होती. आठवड्यातून दोनदा अनसूयाचं रक्त मशीनवर साफ करावं लागे. उपचार फुकट, पण जायचं-यायचं एसटीनं. मागल्या पंधरवड्यात परतताना ती स्टँडवर भोवळ येऊन पडली, आणि तेव्हापासून तिनं डायलिसिसच्या दोन फेऱ्या चुकवल्या होत्या. पायावर बोट दाबलं की भिजवलेल्या पिठासारखा खड्डा पडत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी फेऱ्या चुकल्या तर आमच्या हातात काही राहणार नाही.

सभेत गलका उठला. दुकानदार म्हणाले, पट्टी वाढवली तर बाजार दुसऱ्या गावाला जाईल. कुणी म्हणालं, गरिबाच्या औषधाला गरिबाच्याच पाटीतनं का काढता? सिंधुबाईला ते पटत होतं, हीच तर पंचाईत होती. बानूबाईची मेथी चार वाजेपर्यंत खपली नाही की ती शेळ्यांपुढं टाकून रिकाम्या हातानं घरी जायची, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

सरपंच दादासोंनी हात मोजायला लावले. बाजूनं एकसष्ट. विरोधात एकसष्ट. मग ग्रामसेवकाची नजर सिंधुबाईवर थांबली.

"तुमचा हात कुठंच दिसला न्हाय, सिंधुबाई."

"समसमान झालं तर ठराव पडला," दादासो म्हणाले. "काय ते बोला आता."

सगळं पटांगण तिच्याकडं वळलं. अनसूयानं हळूच तिचा पदर ओढला. "आक्का, भंडारा उचललाय तुमी. माझ्यापायी नको."

ते 'नको' ऐकलं आणि सिंधुबाईला भयंकर राग आला. बानूबाईचा, बिरोबाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या उतावळेपणाचा. त्या रागातच तिनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. भंडारा उचलला होता तोच हात.

सोमवारी उधारीच्या भाड्यानं गाडी सुरू झाली. अनसूया तीत मागच्या सीटवर आडवी होऊन घरी आली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

मंगळवारी सिंधुबाईला घरी बसता आलं असतं. पण ती बाजाराला गेली. तिच्या जागेवर बानूबाईनं पोतं अंथरून मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या. बाकीच्यांनी माना फिरवल्या. सिंधुबाई गटारीकडेला जाऊन बसली. तिकडं गिऱ्हाईक फिरकत नाही. गोकुळनं चाळीसच्या पावत्या फाडल्या, बायकांनी मुकाट्यानं पैसे दिले, आणि तिची वांगी दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. तिला वाटलं, बायकांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऊन कलल्यावर बानूबाई येऊन समोर उभी राहिली.

"माझा भाऊ बी जातोय मशीनवर. पिवळं कार्ड हाय. त्याला घेतील का गाडीत?"

'गावातल्या' हा शब्द सिंधुबाईनं सभेत नीट ऐकला होता. अनसूया गावातली होती, म्हणून तो तिला तेव्हा टोचला नव्हता. आता टोचला.

"न्हाय," ती मान खाली घालून म्हणाली. "गाडी गावापुरतीच."

"म्हंजी पट्टी आमची आन गाडी तुमची."

 लाज वाटून सिंधुबाईचे डोळे भरून आले.  बानूबाईनं चंची उघडली आणि पुडी काढली.

"पुढच्या सभेत बाजारातल्या समद्यांच्या घरच्यांची नावं गाडीत घालाया लावायची. उचल."

"मी येकदा मोडलाय, बानूबाई."

"मला काय सांगतीस? समद्या बाजाराला ठावं हाय. पर तितं हात वर कराया आमच्याकडं दुसरं हायच कोण?"

सिंधुबाईचा हात पुढं झाला, पण पुडीपाशी थांबला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"खाली बस आदी. कुणाच्या घरात कोण आजारी हाय, कुठल्या गावचं, ते समदं सांग. मग उचलते."

बानूबाई गटारीकडेला बसली आणि भावापासून सुरुवात केली.