मेंढरांची मोरी

अनसाबाईंचा पाय श्रावणात गेला आणि कोर्टाचं समन्स दसऱ्याच्या आधी आलं. पोलीस दारातच उभा राहिला. खाटेवर बसलेल्या बाईकडे, लुगड्याखाली गुडघ्याशीच संपलेल्या त्या पायाकडे त्यानं पाहिलं, आणि नजर चुकवून म्हणाला, "बेकायदा रूळ ओलांडल्याचा गुन्हा हाय. हितं अंगठा द्या."

"पाय माझा गेला, आन् गुन्हाबी माझाच व्हय?" अनसाबाईंनी विचारलं. त्यानं शाईची डबी पुढं केली.

हर्षदा, त्यांची भाची, त्या दिवशी आत्याला बघायला शिरूरहून आली होती. ती शिरूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. तिनं कागद घेतला, उभ्याउभ्याच वाचला आणि तिची कानशिलं तापली. लहानपणी आई गेल्यावर तिला याच आत्यानं वाढवलं होतं.

दौंडात रुळांच्या पलीकडे धनगरांची वस्ती होती. मेंढरं कधीच विकली गेली होती, आता लोक भाजीपाला पिकवत होते; पण गावात यायची वाट तीच राहिली होती, रुळांखालची काळ्या दगडाची जुनी कमान. तिला सगळे मेंढरांची मोरी म्हणत. बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, लग्नाच्या वराती, सगळं त्या कमानीतून जायचं. आदल्या वर्षी पोपटरावांनी गावाकडच्या तोंडाशी दुकानांचे गाळे काढले, आणि महिन्याभरात कुणीतरी हुकूम दाखवून कमान विटांनी बुजवली. पाण्यापुरता एक पाइप तेवढा ठेवला. पोपटराव गावातलं मोठं प्रस्थ, त्यामुळं कुणी ब्र काढला नाही. लोक रुळांवरून जाऊ लागले. एके सकाळी मालगाडी वाट अडवून उभी होती. बाजाराची वेळ निघून चालली, म्हणून अनसाबाई मेथीची पाटी घेऊन दोन डब्यांच्या मधून वाकून निघाल्या, आणि तेवढ्यात गाडीला हिसका बसला.

हर्षदा दुसऱ्या दिवशी तडक रेल्वेच्या कचेरीत गेली. कुलथे नावाचे अभियंते चहा पीत होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पोपटराव घरच्यासारखे बसले होते.

"मॅडम, तो रस्ता नाहीच," कुलथे म्हणाले. "ती पाण्याची मोरी आहे. नकाशात तसंच दाखवलंय. पाण्याच्या मोरीतून लोक जात होते हेच मुळात चूक. आम्ही रस्ता बंद केलेला नाही."

"मग माझी आत्या लहानपणापासून कशातून जात होती?"

पोपटराव हसले. "ताई, तुम्ही पोरांना पानिपत शिकवा. पुलांचं आम्ही बघतो."

हर्षदा बाहेर पडून बसस्टँडवर आली. भाऊ संपत शिक्रापूरच्या कारखान्यात होता, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, गुन्हा कबूल करून मोकळं हूया. आपण कुठं त्यांच्या नादी लागायचं?"

"कबूल कशाला? तिनं केलंय काय?"

"लगेच चिडू नगं."

"चिडू नको तर काय करू, संपत?" तिनं फोन ठेवला.

पुढच्या सुट्ट्या तिनं दौंडातच काढल्या. गावातून जाणाऱ्या रुळांखाली जुन्या कमानी आणखीही होत्या. तिनं एकेक पायाखाली घातली. ज्या खरंच ओढ्यासाठी बांधल्या होत्या त्यांच्या खांबांना वरच्या अंगाला टोक काढलेलं होतं, पाणी दुभंगून जावं म्हणून. तळाला उतरती फरशी होती आणि पुराच्या रेघा उंचापर्यंत उमटल्या होत्या. गाडीवाटेची एक कमान स्टेशनच्या अलीकडे अजून वापरात होती. तिच्या कोपऱ्यांना बुटके, गोल दगड रोवलेले होते, बैलगाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. नकाशावर बोट ठेवणाऱ्यांपैकी एकानंही कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं. जितकं दिसत गेलं, तितका तिचा राग वाढत गेला.

मग ती वस्तीच्या बाजूनं मेंढरांच्या मोरीत शिरली. गाळ, प्लास्टिक, मेलेलं कुत्रं. पदर नाकाला लावून ती भिंतीपर्यंत गेली. खांबांना टोक नव्हतं. कोपऱ्यात गाळ उकरला तर गोल दगडाचा माथा लागला. विजेरी फिरवली, तेव्हा दोन्ही भिंतींवर मांडीइतक्या उंचीवर एक काळाभोर, तुकतुकीत पट्टा दिसला. त्याच्या वर आणि खाली दगड खडबडीत होता. तिनं त्यावर हात फिरवला, तो तेल लावलेल्या पाट्यासारखा लागला.

घरी येऊन तिनं आत्याला सांगितलं. अनसाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, ते मेंढरांच्या अंगाचं हाय," त्या म्हणाल्या. "कळप आत शिरला का नुसती रेटारेटी. लोकर घासून घासून दगूड गुळगुळीत झाला. माझा आजा सांगायचा, त्याचा बापबी हितनंच कळप न्यायचा नदीला. यात काय इचारायचं असतं? समद्यांस्नी ठावं हाय."

"सगळ्यांना माहीत आहे, आत्या. तेच कुणी ऐकत नाही."

कोर्टात हर्षदानं दिलेल्या वकिलानं जागेच्या पंचनाम्याची मागणी लावून धरली, आणि ती मान्य झाली. ठरल्या दिवशी कुलथे नाकाला रुमाल लावून आले. पोपटरावही आपली चार माणसं घेऊन आले. वस्तीतल्या बायांनी आधीच गाळ उपसून ठेवला होता. तळाशी घडीव फरसबंदी उघडी पडली होती, आणि तिच्यात चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या.

"साहेब, पाणी बैलगाडीतून जायचं का?" हर्षदानं विचारलं.

तिनं भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"इथं हात लावा."

"मला दिसतंय, मॅडम."

"दिसत होतं तर हे आधी का नाही पाहिलं? एक बाई कायमची खाटेला खिळली. हात लावा."

त्यांनी हात लावला आणि रुमालाला पुसला. त्या पुसण्यानं हर्षदाच्या डोक्यात तिडीक गेली.

पंचनाम्यात 'पूर्वी वहिवाटीचा मार्ग होता' असं आलं. अनसाबाईंवरचा गुन्हा रद्द झाला. कोर्टाबाहेर संपत पेढे वाटायला निघाला, तेव्हा कुलथे हर्षदाजवळ येऊन हळूच म्हणाले, "भिंतीचा विषय मात्र वेगळा. त्यासाठी नवा अर्ज करा. वर जाईल, वेळ लागेल."

"आणि तोवर लोकांनी कुठून जायचं?"

"रुळांवरून तर अजिबात नको," ते म्हणाले, अगदी काळजीनं.

हर्षदानं पेढा संपतच्या हातात परत ठेवला. आयुष्यभर तिनं पोरांना सांगितलं होतं की पुरावा असला की सत्य टिकतं. पुरावा तर जागेवरच होता, आणि त्याच्यापुढं भिंतही जागेवर होती.

ती वस्तीत गेली. सगुणाबाई, अनसाबाईंच्या शेजारीण, दारात पहार परजत होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. भर दुपारी दहा-बारा बाया कमानीत शिरल्या. पहिला घाव हर्षदानं घातला, कारण नोकरी तिला होती आणि म्हणून भीतीही तिलाच जास्त होती. विटा कच्च्या होत्या, सिमेंटही बेताचंच. पलीकडून पोपटरावांचा माणूस ओरडला तेव्हा अर्धी भिंत खाली आली होती.

पोलिसांनी नावं विचारली. हर्षदानं आपलं नाव, शाळेचं नाव, हुद्दा, सगळं नीट सांगितलं.

भिंत परत बांधली गेली नाही. लोक गाळ्यांमागच्या बोळातून अंग चोरून जातात. गाळे अजून तिथंच आहेत. पोपटरावांनी टाकलेला मोडतोडीचा खटला मात्र चालू आहे, आणि तारखेला हर्षदा शिरूरहून पहिली एसटी पकडते. हेडमास्तरांनी तिला बोलावून सांगितलं, की माफीपत्र दिलंत तर प्रकरण मिटेल, पोपटराव मोठ्या मनाचे आहेत.

"सर, त्यांनी आत्याच्या खाटेपाशी येऊन माफी मागावी," ती म्हणाली. "मग माझ्या माफीचं बघू."

ती वर्गावर गेली. तिनं खडू उचलला आणि फळ्यावर एक कमान काढली, कोपऱ्यांतल्या गोल दगडांसकट.