लाड गालांचे

मी किडनी बोलतेय. डावी. पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला राहते. उजवीकडे माझी जुळी बहीण आहे. तिचं-माझं कधी वाजलं नाही. दोघी सारख्याच दुर्लक्षित. माझं वाकडं आहे ते गालांशी.

जिच्यासोबत मी जन्मले, ती केस कापते. तिच्या सलूनमध्ये जिकडेतिकडे आरसे. गाल दिवसभर स्वतःला न्याहाळतात, मी अंधारात रक्त गाळते. आई तिला काळजाचा तुकडा म्हणते. किडनीचा तुकडा म्हणून कुणी लाड केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एकदा तिच्या गालांवर, नाकावरून दोन्हीकडे, लाल चट्टे उठले. घर नुसतं हवालदिल. आत्याने मलमांची रांग लावली, आईने उन्हात जायची बंदी केली. माझा जळफळाट झाला. कारण तेव्हा मलाही सूज आली होती. तिच्याच रक्तातले पहारेकरी मला परकी समजून झोडपत होते. माझी चाळण फाटली आणि राखून ठेवायची प्रथिनं लघवीतून वाहून जाऊ लागली.

मी जमेल तशा हाका मारल्या. तिचे घोटे सुजवले.

"दिवसभर उभं राहायचं काम. पाय सुजणारच," आत्या म्हणाली.

मग लघवीला फेस आणला. पण बाबा पडले स्वच्छतेचे भोक्ते. रोज सकाळी संडासात निळं औषध ओतायचे.

"बाबा, फार फेस येतो हो."

"येणारच. चांगल्यातलं आहे ते."

झालं. माझी हाक बाटलीच्या नावावर जमा.

पुढे बाबा आठवडाभर काकांकडे राहायला गेले. निळं औषध कोण ओतणार? फेस मात्र तसाच. ती वाकून बघत राहिली. गालांना सोडून माझ्याकडे बघायची तिची ती पहिलीच वेळ.

तपासणी झाली. पाठीतून सुई घालून माझा बारीकसा तुकडा काढला.

"ल्युपस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते. चट्टे त्याचेच, किडन्यांची सूजही त्याचीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवढ्या भागावर व्रण झालेत, तो परत येणार नाही. उरलेला वाचवू. पण गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत."

गोळ्यांनी माझी सूज उतरू लागली आणि गाल टम्म फुगले. पुन्हा गालच. घरात पुन्हा त्यांचंच सुतक.

"अर्धीच गोळी घे गं," आत्या म्हणाली. "ओळखू येईनाशी झालीस."

"मलाही बघवत नाही," बाबा म्हणाले.

ती गोळी हातात धरून बसली. माझा जीव त्या गोळीत अडकला.

"मग नका बघू, बाबा. फेस तरी कुठे बघितलात?"

तिने अख्खी गोळी गिळली. बाबांनी उठून तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

परवा सलूनमध्ये एक बाई म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची."

"हो, आतून," ती म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

माझा मत्सर संपलाय असं नाही. आरसे अजून गालांचेच आहेत. मी उरलेय तेवढी गाळतेय, आणि तेवढीच पुरवायची आहे. तुमच्या घरात कुणी फेसाबद्दल बोललं, तर कृपा करून आधी ती बाटली बाजूला ठेवा. आम्हाला दुसरा आवाज नाही.