शेवटच्या वीस फेकी
यामिनी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं आणि राज्याची मुलींची बेसबॉल टीम निवडायची होती. तीत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, म्हणून नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं. मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं, हे कबूल करते.

मी रेल्वेच्या ऑफिसात आकडेमोड करणारी बाई, म्हणून ट्रायलची स्कोअरशीट माझ्याच गळ्यात. बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून चेंडू गेला की स्ट्राइक, नाही गेला की बॉल. यामिनीच्या ऐंशी फेकींत पन्नास स्ट्राइक. साडेबासष्ट टक्के. दुसरी कोणी जवळपाससुद्धा नव्हती.

समता कॉलोनीतल्या घरी आल्यावर मी सवयीनं त्याच फेकी वीस-वीसच्या गटांत मांडल्या. स्ट्राइक सोळा, चौदा, अकरा, नऊ. आधीच्या दोन मॅचची शीट काढली, तर तिथंही हीच उतरण. म्हणजे पोरीचा खांदा दुखत होता आणि ती सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर कोच चारुदत्त सरांनी विचारलं, "ताई, यामिनीचा हिशोब काय म्हणते?"

"साडेबासष्ट टक्के."

"मग झालं तर! पूर्ण मॅच तिलेच देतो."

वीस-वीसचा कागद माझ्या पर्समध्ये होता. दाखवला तर नाव कटेल, एवढंच डोक्यात. पहिल्या चाळीस फेकी तिला देऊन पुढे पिचर बदलता येतो, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. एवढी शहाणी मी!

बाहेरगावच्या पहिल्याच मॅचमध्ये, सत्तराव्या फेकीला, ती खांदा धरून खाली बसली. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला.

तिचा उजवा हात आता डोक्यापर्यंत जात नाही, म्हणून ऑफिसला निघण्याआधी मी तिची वेणी घालून देते. परवा वेणी घालायला गेले तर तिच्या मांडीवर जुन्या शीट पसरलेल्या. लिहितानाही उजवा खांदा दुखतो, म्हणून डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या आकड्यांत, तिनं फेकी वीस-वीसच्या मांडल्या होत्या.

"मावशी, तुले हे माहीत होतं काय?"

खोटं बोलता आलं असतं. "हव," मी म्हटलं.

तिनं शेवटच्या नऊवर बोट ठेवलं.

"मले वाटे, हात तर सगळ्यांचाच दुखते, मीच कामचोर आहो. रोज सोताले शिव्या देऊन फेकून राहिली होती मी."