पाच फूट बाय अडीच फूट

सासऱ्यांनी घडीची पट्टी उलगडली, पिंजऱ्याच्या तळाला आधी आडवी लावली, मग उभी. आकडा त्यांनी मोठ्याने उच्चारला नाही. पट्टीची पुन्हा घडी करून ती सदऱ्याच्या खिशात सरकवली आणि चष्म्याच्या वरून पिंजऱ्याकडे पाहत राहिले.

पिंजरा जेवणाच्या टेबलावर होता. दुकानातून आणलेला, निळ्या तारेचा, वर उचलायला कडी असलेला. आत दोन गिनिपिग एकमेकींच्या अंगावर रेलून बसल्या होत्या. एक तपकिरी, एक पांढरी.

“हे असलं कुणी विकलं?” त्यांनी विचारलं.

प्रश्न सासूबाईंना होता, पण उत्तर दाराशी उभ्या असलेल्या जावयाकडेच होतं.

“चौकातल्या दुकानदाराने,” जावई म्हणाला. “दोघींना पुरेल म्हणाला.”

“दोन फूट बाय सव्वा फूट.”

“सहाशे दहा बाय तीनशे ऐंशी,” जावई म्हणाला. मग आपण उगाच बोललो असं वाटून त्याने हातातली काकडीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पिशवी सळसळताच पिंजऱ्यातून दोन बारीक शिट्ट्या एकदम उठल्या. सासरे दचकून मागे सरले.

“खायला मागतात,” जावई म्हणाला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तो या घरात पहिल्यांदाच आला होता. लग्न नोंदणी कचेरीत झालं. ते झाल्यावर मुलीने वडिलांना फोन केला, तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, “आता इकडे यायचं नाही.” त्यानंतर त्यांनी ते वाक्य मागे घेतलं नाही, आणि मुलगीही बापाचीच लेक, बाबांनी स्वतः बोलावल्याखेरीज त्या घरात पाऊल ठेवणार नाही, हे तिने आईला सांगून टाकलं. सासूबाई दर गुरुवारी भाजी आणायच्या निमित्ताने मुलीकडे जात आणि भाजी न घेताच परत येत. सासऱ्यांनी भाजीबद्दल कधी विचारलं नाही.

मंगळवारी मुलीला दवाखान्यात दाखल करावं लागलं. सातवा महिना सरत आला होता. डॉक्टरीणबाईंनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. जावई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेमला बसवायचं काम करी. दिवसभर दुकान, मग दवाखाना. घरी दोन मुके जीव एकटे. सासूबाईंनी फोनवर सांगितलं, “आणून ठेवा इकडे,” आणि आज सकाळी चहाचा कप पुढे करताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “दोन पाहुण्या येतायत. उंदरासारख्या दिसतात. काही बोलू नका.”

ते खरोखरच काही बोलले नव्हते. पिंजरा पाहीपर्यंत.

“तळाला जाळी,” ते आता म्हणाले. “पायांना काय होत असेल?”

“जखमा होतात. पांढरीला झाली होती. म्हणून मी खाली पुठ्ठा घातलाय.”

“पुठ्ठा भिजतो.”

“रोज बदलतो.”

सासऱ्यांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले होते; कुठला नळ कुठल्या रस्त्याखालून किती खोल जातो हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. त्यांनी वर्तमानपत्राची पुरवणी उलटी केली, खिशातून पेन्सिल काढली आणि कोऱ्या कडेवर एक चौकोन ओढला.

“यांना किती जागा लागते, ते कळलंय का कुठे?”

“दोघींना आठ चौरस फूट तरी हवी. उंची नको, चढत नाहीत त्या. पळायला लांबी हवी. म्हणजे चार फूट बाय दोन फूट.”

पेन्सिल थोडी थांबली. सासरे उठले, खिडकीपाशी गेले, भिंत पाहिली, दार पाहिलं, परत येऊन बसले. चौकोनाच्या बाजूंवर त्यांनी दोन आकडे लिहिले आणि कागद टेबलावरून सरकवला. पाच फूट. अडीच फूट.

“एवढा मोठा लागणार नाही,” जावई म्हणाला.

“वळायला जागा नको?”

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चौकोन पाहिला, गिनिपिग पाहिल्या. “नाकापेक्षा मोती जड,” त्या म्हणाल्या आणि कप त्या आकड्यांवर ठेवणार इतक्यात सासऱ्यांनी कागद काढून घेतला.

त्या संध्याकाळी दवाखान्यात मुलगी कुशीवर पडून होती. जावयाने स्टूल ओढलं.

“बाबा काय म्हणाले?”

“तळाला जाळी नको म्हणाले.”

“आणखी?”

“पाच फूट बाय अडीच फूट. पाय लावून, उंचावर. वरून एकदम हात आला की घाबरतात असं मी म्हटलं, तर म्हणाले, मग टेबलाच्या उंचीवर घेऊ.”

“माझ्याबद्दल?”

जावयाने सलाइनच्या नळीकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, “खडूची नखं वाढलीयत. कापायला हवीत.” पांढरीचं नाव खडू, तपकिरीचं तपकीर. नावं तिनेच ठेवली होती.

रविवारी प्लायवूड आलं. खिडकीखालचा नकाशे काढायचा जुना फळा सासऱ्यांनी स्वतः ओढून कपाटामागे उभा केला आणि जागा झाडून घेतली. ऊन थेट येणार नाही, वारा अंगावर येणार नाही, पण घरातली माणसं दिसतील अशी ती जागा होती. या तिन्ही गोष्टी त्यांनी जावयाला विचारून घेतल्या होत्या. विचारताना ते जावयाला तू म्हणत नव्हते की तुम्ही म्हणत नव्हते. “इथे धरायचं,” “ती पट्टी द्यायची,” “खूण करून ठेवायची,” असं त्यांचं चाले. जावईही त्यांना काही म्हणत नसे. दोन वाक्यांच्या मध्ये करवत बोले.

फूट आणि मिलिमीटर यांचं काही केल्या जमत नव्हतं. सासरे म्हणत, “साडेसोळा इंच,” आणि जावई मनातल्या मनात गुणाकार करी. एकदा एका फळीवर दोघांनी आपापल्या मापाने रेघ मारली. दोन रेघांत केसाएवढं अंतर होतं. दोघंही वाकून त्या अंतराकडे पाहत राहिले.

“कुठल्या रेघेवर कापायचं?” जावयाने विचारलं.

“मधोमध,” सासरे म्हणाले.

जावयाने करवत लावली. डाव्या हाताने फळी दाबून धरली होती, आणि लाकूड निम्मं कापून झाल्यावर करवत एकदम सैल सुटली.

“अरे, बोट! बोट काढ तुझं आधी!”

करवत नखाला घासून गेली होती. रक्त नव्हतं. सासऱ्यांनी त्याचा हात मनगटाशी धरून उजेडाकडे वळवला, पाहिला, सोडला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“काही झालं नाही,” सासरे त्यांना म्हणाले. मग पुन्हा फळीकडे वळून, “आता दुसऱ्या बाजूने धरायचं.”

पाय बसवायची वेळ आली तेव्हा जावई म्हणाला, “नटबोल्ट लावू या का? पुढे सुटे करता येतील.”

“हलेल,” सासरे म्हणाले. त्यांनी सरस गरम केला, प्रत्येक सांध्यात भरला, वरून स्क्रू पिळले आणि ओल्या फडक्याने कडा पुसून घेतल्या. वास जाईपर्यंत दोन दिवस जनावरं आत सोडायची नाहीत, असंही त्यांनीच ठरवलं.

त्या दोन दिवसांत बाकीचं झालं. तळावर मेणकापड, त्यावर जुन्या ब्लँकेटची दुहेरी घडी. समोरच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची फळी. ती जावयाने आपल्या दुकानाच्या मालकाकडून मागून आणली आणि कडा भिंगासारख्या घासून गुळगुळीत केल्या. उरलेल्या तुकड्यांतला भुसा सासऱ्यांनी पिशवीत जपून ठेवला होता, अंथरायला होईल म्हणून.

“भुसा नको,” जावई म्हणाला. “बारीक असतो, नाकात जातो त्यांच्या.”

सासऱ्यांनी पिशवी कचऱ्यात टाकली.

लपायला त्यांनी दोन खोकी केली, प्रत्येकीला एक. जावयाने प्रत्येक खोक्याला दोन दारं मागितली. तपकीर दांडगी होती. एकाच दारात ठाण मांडून बसली तर खडूने बाहेर यायचं कुठून? सासऱ्यांना हे पटलं. त्यांनी चारही दारं गोल कापली आणि काचकागदाने इतकी घासली की सासूबाई म्हणाल्या, “लेकीच्या टेबलाचे कोपरे राहिले होते तसेच टोचत. तेव्हा कुठे गेला होता काचकागद?”

“तेव्हा नोकरी होती,” सासरे म्हणाले.

बुधवारी गिनिपिग नव्या पिंजऱ्यात गेल्या आणि एका कोपऱ्यात जाऊन बसल्या. पाच फुटांपैकी एक फूटसुद्धा त्यांनी वापरला नाही. जुन्या पिंजऱ्याएवढ्याच जागेत, तशाच एकमेकींवर रेलून. गुरुवारीही तसंच. सासरे खुर्ची घेऊन समोर बसले, उठले, पुन्हा बसले. “आवडलेला दिसत नाही,” ते म्हणाले.

सासूबाई त्या गुरुवारी भाजीला गेल्या नाहीत. दवाखान्यात जाते असं सांगून गेल्या आणि परत आल्यावरही तिथूनच आले म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी तपकीर पिंजऱ्याच्या मधोमध आली, थबकली आणि जागच्या जागी उडाली. चारही पाय हवेत, डोकं एकीकडे, अंग दुसरीकडे. मग भिंतीपर्यंत धावत गेली, वळली, पुन्हा उडाली. तिच्यामागून खडू. सासऱ्यांनी दुकानात फोन लावला. त्यांनी जावयाला केलेला तो पहिला फोन.

“ती उडतेय,” ते म्हणाले. “आकडीबिकडी आली की काय?”

“नाही नाही. खुशीत आल्या की तसं करतात.”

“बरं,” सासरे म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच आठवड्यांनी मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. जावयाने आधी आपल्या आईला कळवलं, मग सासूबाईंना. फोनवर मागून सासऱ्यांचा आवाज आला, “वजन किती?”

“अडीच किलो,” सासूबाईंनी ऐकून सांगितलं.

“नेमकं विचार.”

“दोन हजार चारशे ऐंशी ग्रॅम,” जावई म्हणाला. पलीकडे पेन्सिल शोधल्याचा आवाज आला.

पण ते दवाखान्यात आले नाहीत. मुलगी तिथून आपल्या घरी गेली. सासूबाई आठ दिवस तिच्याकडे राहिल्या आणि सासऱ्यांनी एकट्याने गिनिपिग सांभाळल्या. ढोबळी मिरची कुणाला किती, पाणी कधी बदललं, हे रोज फोनवर सांगितलं. फोन नेहमी जावयाला. बाळ मागे रडत असेल तर ते बोलता बोलता थांबत आणि रडणं थांबल्यावर पुढचं वाक्य सुरू करत.

दीड महिना झाला. एका रविवारी सकाळी मुलीने बैठकीतला सोफा आतल्या खोलीत हलवायला लावला आणि रिकाम्या झालेल्या भिंतीकडे बोट केलं. “आता आणा त्यांना,” ती म्हणाली. “उगाच बाबांवर भार किती दिवस?”

जावई टेम्पो ठरवून सासऱ्यांकडे गेला. टेम्पोवाला खाली थांबला. वर सासरे पिंजऱ्याशेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते. सासूबाईंनी पाणी दिलं.

“तिने न्यायला सांगितलंय,” जावई म्हणाला. “पिंजऱ्यासकट.”

सासऱ्यांनी मान हलवली. पान उलटलं.

जावयाने खिशातून आपली मोजपट्टी काढली. आधी पिंजरा मोजला, माहीत असूनही. मग दाराशी गेला आणि चौकटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पट्टी ताणून धरली. सातशे अकरा मिलिमीटर. त्याने पुन्हा वाचलं. पिंजऱ्याची रुंदी सातशे बासष्ट. उभा केला, आडवा केला, तरी पाय आडवे येणार, आणि पाय सरसाने धरलेले. तो वळला.

“हा दारातून निघणार नाही.”

“नाही,” सासरे म्हणाले.

“अठ्ठावीस इंचाचं दार आहे.”

“अठ्ठावीसच.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांच्या हातात भांडं होतं आणि ते पुसायचं राहून गेलं होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पण ते ज्या पानाकडे पाहत होते ते जाहिरातींचं होतं. पिंजऱ्यात खडू एका दाराने आत गेली आणि दुसऱ्या दाराने बाहेर आली.

“ती विचारेल,” जावई हलकेच म्हणाला. “काय सांगू?”

वर्तमानपत्रामागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“सांग तिला, पिंजरा इथून हलत नाही,” सासरे म्हणाले. “जनावरांना भेटायचं असेल तर तिने यावं. बाळाला घेऊन यावं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला खड्डा आहे, तेवढी जपून चढ म्हणावं.”

जावई जिना उतरून खाली आला. टेम्पोवाल्याने मागचं फळकूट पाडून दोरी सोडून ठेवली होती.

“काय झालं? चला ना, हात लावू या.”

“नको. राहू दे.”

“का हो?”

“माप चुकलं,” जावई म्हणाला.

टेम्पोवाल्याने दोरी गोळा करायला सुरुवात केली. “कुणाचं?”

जावयाने वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, फक्त पडदा हलत होता.

“माझं,” तो म्हणाला आणि बायकोला फोन लावत पुन्हा जिना चढू लागला.