बेटावरचं शून्य

शून्य माझ्याच अक्षरात होतं. साहेबांनी तो कागद टेबलावर फिरवून माझ्यासमोर ठेवला. 'वापरात असलेली बिळं : ०.' खाली माझी सही, गेल्या वर्षीची तारीख.

"पक्षीच नाहीत, तर अभयारण्य कोणासाठी ठेवायचं, बाई? सोमवारी सुनावणी आहे. बेट यादीतून जाणार."

"माझी मोजणी चुकली आहे. मला पुन्हा जायचंय."

"वर्षभर झोपला होतात?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"सरकारी बोट मिळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. आजच्या तारखेला ते अभयारण्य आहे. परवानगीशिवाय पाय ठेवलात तर गुन्हा."

चूक साधी होती. त्या बेटावरचे काळे समुद्रपक्षी जमिनीत बीळ खणून घरटं करतात. आमच्या पुस्तिकेत नियम आहे : बिळाच्या तोंडावर कोळ्याचं अखंड जाळं असेल, तर बीळ रिकामं धरावं. गेल्या वर्षी मला दोनशे सतरा बिळं सापडली. दोनशे बारांवर जाळी होती. उरलेल्या पाचांत हात घातला, ती रिकामी निघाली. जाळी असलेल्या एकाही बिळात मी हात घातला नाही. नियमच होता ना.

मागच्या रविवारी मावशीच्या होडीवर चहा पीत होते. मावशीने तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळली. निवृत्त झाली तेव्हापासून शिडाशिवाय कशावर तिचा विश्वास नाही, आणि ती राहतेही होडीतच. खाली उतरायच्या झडपेवरचं कोळ्याचं जाळं झाडूने काढत ती म्हणाली, "रोज सकाळी काढते, रोज सकाळी असतंच. मेल्याला वाटतं आत कोणी राहत नाही."

माझा कप हातातच राहिला. पिल्लू बिळात बसलेलं असतं आणि आईबाप अन्नासाठी चार-चार दिवस समुद्रावर. गेल्या वर्षी मी पोचले, त्याआधी आठवडाभर वादळ होतं. तशा वादळात पिल्लाकडे परत कोण येणार? कोळ्याला मात्र एक रात्र पुरते.

म्हणून शुक्रवारी साहेबांकडे गेले होते. तिथून थेट धक्क्यावर आले.

"परवानगी नाही दिली," मी मावशीला सांगितलं. "बोटही नाही."

"बोट माझी आहे. ती द्यायला तो कोण? उद्या उजाडल्यावर निघू. आणि ती कोरडी बिस्किटं आणू नकोस."

वारा बाजूने होता. मावशीने सुकाणू माझ्या हातात दिलं आणि शिडाची दोरी स्वतःकडे ठेवली. पाच तासांनी बेट दिसलं : झाड नाही, घर नाही, धक्का नाही. खडकांच्या फटीत नांगर टाकून आम्ही गुडघाभर पाण्यातून वर गेलो.

वरची माती बिळांनी इतकी पोखरलेली आहे की नुसतं चाललं तर पाय छतातून आत जातो आणि पिल्लू गाडलं जातं. म्हणून पायांना रुंद फळ्या बांधाव्या लागतात.

"या वयात बदक केलंस मला," मावशी म्हणाली. पण पाऊल नीट उचलून टाकत होती. वही तिच्याकडे दिली.

मी कुशीवर आडवी झाले, जाळं बाजूला केलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. रिकामं. दुसरंही रिकामं. मावशीने दोन्ही वेळा शून्य लिहिलं. तिसऱ्या बिळाला आत वळण होतं. कान मातीला टेकवून हात आणखी पुढे सरकवला, तेव्हा बोटांना काहीतरी गरम लागलं, लोकरीसारखं मऊ. पुढच्याच क्षणी ते कडकडून चावलं.

"लिही. एक."

"दिसलं का?"

"चावलं."

"मग आहे," मावशी म्हणाली.

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आणि रविवारी दुपारपर्यंत मी दोनशे सतराच्या दोनशे सतरा बिळांत हात घातला. एकशे एकोणचाळीस पिल्लं. माझ्या बोटांवर चावायला जागा उरली नव्हती. शेवटी मावशी म्हणाली, "आता पट्टी बांधते, नाहीतर वहीच्या पानांवर रक्ताचे डाग आणि तुझा साहेब त्यालाच पुरावा म्हणेल."

सोमवारी सुनावणीच्या तासभर आधी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. मुद्दाम पहिलीच ओळ लिहिली होती : 'शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी परवानगीशिवाय बेटावर उतरले.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. "ही ओळ काढा. नाहीतर मला कारवाई करावी लागेल."

"ती काढली तर हे आकडे आले कुठून? तुम्ही तेच विचाराल, आणि अहवाल बाजूला ठेवाल."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. पण नोटीस नीट काढा. अभयारण्यात शिरून संरक्षित पक्ष्यांना त्रास दिला, असं लिहा. किती पक्ष्यांना, ते लिहावंच लागतं. रकाना आहे त्यात."

मी गेल्या वर्षीचा कागद मागून घेतला. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. दुरुस्ती चालू वर्षाच्या आकड्याने करता येत नाही, म्हणून शेजारी लिहिलं : 'न तपासता लिहिले.' पट्टी बांधलेल्या बोटांनी सही जरा वाकडी आली.

साहेबांनी लिपिकाला बोलावून नोटिशीचा फॉर्म मागवला. तो उभ्याउभ्याच भरू लागला. माझं नाव, हुद्दा, तारीख, वेळ. मग थांबला.

"पक्षी किती लिहू, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवरच्या पट्ट्या झाकल्या नाहीत.

"एकशे एकोणचाळीस," ते म्हणाले. "आणि एक प्रत सुनावणीच्या फायलीत लाव."