तीन अक्षरांची जागा

लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात मी माझ्या बायकोचं गाणं बंद पाडलं. निदान बेचाळीस वर्षं माझी तशी समजूत होती.

कौशल्या एकोडीची, धानवाल्या घरातली. मी लाखनीच्या शाळेत नवा लागलेला मराठीचा मास्तर. वृत्तं अंगात इतकी भिनली होती की रस्त्यावर भाजीवाला ओरडला तरी मी त्याचे लघु-गुरू मोजायचो. एका दुपारी ती ओसरी सारवता सारवता रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं म्हणत होती:

पऱ्हा हिरवा हातात, पाय गाऱ्यात
माय राहिली गावात, लेक पाण्यात

पऱ्हा म्हणजे धानाचं रोप आणि गारा म्हणजे बांधीतला, पाणी भरलेल्या शेतातला चिखल, एवढं मलाही कळत होतं. पण माझं लक्ष अर्थाकडे नव्हतंच. पहिला चरण आठ अक्षरांचा, दुसरा पाचच. मी तिला सांगितलं की तुझं गाणं लंगडं आहे, दर ओळीत तीन अक्षरं कमी पडतात. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी फळा नसताना तासभर शिकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, शेणाची पाटी उचलली आणि आत गेली. त्यानंतर घरात गाणं म्हणून नाही. पोरं पाळण्यात होती तेव्हाही ती त्यांना नुसतं थोपटून निजवायची.

हे मला लागून राहिलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसाला आपले गुन्हे आठवायला वेळ मिळतो. म्हणून यंदा तालुक्याच्या साहित्य मेळाव्यासाठी लोकगीतं मागवली गेली, तेव्हा मी ठरवलं की कौशल्याचं गाणं तिच्या नावाने छापायचं, आणि मेळाव्यात तिला पुढे बसवून एकोडीच्या बायकांकडून म्हणवून घ्यायचं. ती ऐकेल, तिचा राग जाईल, कदाचित पुन्हा गाऊ लागेल. मला दुसरं काही नको होतं.

फक्त लंगडं गाणं छापायचं कसं? जित्याची खोड. मी दोन रात्री बसून ते सरळ केलं. ‘पाय रुतले गाऱ्यात’, ‘लेक भिजते पाण्यात’. आठाला आठ. अर्थाला धक्का नाही, यमक जागच्या जागी. स्वतःवर इतका खूश झालो की सकाळी चहात साखर घालायची राहिली तेही कळलं नाही.

कौशल्याला काही न सांगता मी एकोडी गाठली. तिची भावजय सुलोचनाबाई नऊ बायकांसोबत बांधीत रोवणी करत होती. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून कागद वाचून दाखवला. जावयाचा मान, वर मास्तर. बायकांनी ओळी पाठ केल्या आणि वाकून गाऊ लागल्या.

दुसऱ्याच कडव्याला रांग फाटली. दोघी पुढे, तिघी मागे, एकीचा पाय चिखलात अडकला आणि ती बसलीच. पऱ्हे वाकडेतिकडे लागले. मी म्हटलं, सवय नाही, पुन्हा म्हणा. पुन्हा तेच. मग मी धुऱ्यावरून टाळ्या वाजवून ठेका द्यायला लागलो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या हाकणाऱ्याला ते कळत नसतं.

सुलोचनाबाईने कंबर सरळ केली. हातातली जुडी पाण्यात ठेवली.

“भाऊजी, गाणं चांगलंच बनवलं तुम्ही. धुऱ्यावर बसून म्हनायले बेस आहे. पण आमी पाय मांगं कवा घ्याचा?”

मला समजलं नाही. तेव्हा तिने बायकांना जुनं गाणं म्हणायला लावलं आणि मला म्हणाली, आमच्या तोंडाकडे नका पाहू, पायाकडे पाहा. मी पाहिलं. ‘पऱ्हा हिरवा हातात’, यात जुडीतून रोपं सुटी झाली. ‘पाय गाऱ्यात’, हात खाली गेला, रोपं लागली. मग आवाज थांबला. त्या थांब्यात नऊ पाय एकदम चिखलातून सुटले, मागे आले, टेकले. सुटले, आले, टेकले. तीन. तिथून पुढची ओळ.

अक्षरं कमी नव्हतीच. ती त्यांच्या पायांत होती. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की यती म्हणजे श्वास घेण्याची जागा, आणि माझ्या समोरच्या यतीत मी शब्द कोंबले होते. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. मी कागद फाडला आणि सुलोचनाबाईला खरं ते सांगितलं: हे कौशल्याचं गाणं, माझ्यामुळे तिने ते सोडलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“कोनं सोडलं? कौशल्याबाई तं दरसाल रोवणीले येऊन पुढं तेच गात होती. तीन सालापासून गुडघे गेले, तवापासून नाही येत.”

दरवर्षी आषाढात आठ दिवस ती माहेरी जायची. भावाला हातभार लावते, एवढंच मला ठाऊक. मी कधी सोबत गेलो नाही. चिखलात काय पाहायचं?

घरी आलो तेव्हा कौशल्या पलंगावर बसून गुडघ्यांना तेल लावत होती. मी सगळं सांगितलं, सुधारलेल्या ओळींसकट. त्यावर ती थोडी हसली. मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही. मग मी धीर करून म्हणालो की आता एकदा म्हण, मी नुसतं ऐकेन.

तिने पाय लांब करायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच थांबली.

“बसून नाही होत ते. आता पायच मांगं जात नाही तं गाऊ कशी?”

तिने तेलाची वाटी सरकवली, पदराने हात पुसले.

“एकदा तरी यायचं होतं जी धुऱ्यावर,” ती म्हणाली. “तुमाले पाहून मी काई थांबली नसती.”