कडीच्या पुढचं वाक्य

तांब्याच्या तारेचा तो तुकडा जेमतेम वीतभर होता. करंगळीला गुंडाळला की शेवटचा वेढा सैल पडायचा – मग सोडवायचा, पुन्हा गुंडाळायचा... वर्कशॉपमधून उठताना हातातच राहून गेला असणार. आतमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते आणि केंद्राच्या मॅडम माइकवर नुसतंच हॅलो हॅलो करत होत्या. आज फंडवाले पाहुणे यायचे होते. काम सुटलेल्या, कुठे थारा नसलेल्या बायांना जळालेल्या मोटरींच्या कॉइलची तार पुन्हा गुंडाळायला शिकवणारं हे केंद्र पुढच्या वर्षी चालणार की त्याला कुलूप लागणार, ते आज ठरणार होतं. आणि बोलायचं होतं तिला.

दरवेळी तिलाच. तिच्याहून सफाईदार कॉइल भरणाऱ्या चांगल्या दोघीतिघी होत्या, पण बोलायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची आणि सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळायच्या. आता तर ती पोपटासारखं म्हणून दाखवायची – पॅकिंगचा कारखाना बंद पडला, नवरा लांब बंदरावर क्रेन चालवायला गेला, पदरात पोर, हातात काम नाही. 'आणि शिकायला निघाले त्या पहिल्या दिवशी सासूने दाराला बाहेरून कडी घातली.' इथे थांबायचं. श्वास घ्यायचा. 'तरी मी आले.' मग टाळ्या. सुरुवातीला कडीपाशी खरंच रडू यायचं. पुढे ते नेमाने तिथेच यायला लागलं, आणि मागच्या कार्यक्रमात तर ती थांबून त्याची वाट बघत राहिली, स्टॉपवर बसची बघावी तशी. आलं एकदाचं. तेव्हा तिला स्वतःचीच थोडी किळस आली होती, पण त्या वर्षीचे पैसेही आले होते, त्यामुळे किळस गिळून टाकायला जड गेलं नाही.

"अगं, आम्ही कुठे बसायचं?"

ती दचकून वळली. व्हरांड्याच्या टोकाला सासूबाई उभ्या होत्या. ठेवणीतले कपडे, हाताला धरलेली नात ठमी, ठमीच्या केसांना नको इतकं तेल.

"आई... तुम्ही इथे कशा?"

"तुझ्या मॅडमचा काल फोन आला होता. घरची माणसं पण या म्हणाल्या, पाहुण्यांना भेटायचंय. तुला नाही सांगितलं?"

सांगितलं असतं तर काय केलं असतं – आजारी पडले असते, ठमीला आजारी पाडलं असतं, काहीही. मॅडम इतक्या हुशार, चार भाषांत अर्ज लिहितात, आणि एवढं साधं डोक्यात येऊ नये, की जिने कडी घातली ती बाई पहिल्या रांगेत येऊन बसेल?

"तुम्ही बाहेरच बसा ना आई. आत गर्दी होईल. ठमी कुरकुरेल."

"नाही कुरकुरत. तू काम करत असताना कुरकुरते का कधी?"

हे मात्र खरं होतं. ती सुटीच्या दिवशी घरी कॉइल भरायला बसली की सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन ओठांवर बोट ठेवायच्या. वेढे मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, मोजणी चुकली की सगळं उसवून पहिल्यापासून – हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दाराशी आलेल्या शेजारणीलासुद्धा त्या हातानेच परत पाठवायच्या. ठमीचं दूध, ठमीचा ताप, ठमीची शाळा... ही बाई नसती तर मी पहिल्याच महिन्यात घरी बसले असते. आणि मी गावभर हिला कडी घालायला लावते आहे. वर्षानुवर्षं. दर भाषणात एकदा.

खोटं नव्हतं ते. कडी घातली होती. बाहेरून खट्ट झालं, ते अजून कानात आहे. ती दाराला हात लावून उभी राहिली, ओरडली नाही, रडलीही नाही, नुसती उभी. पलीकडे पायरीवर सासूबाई बसल्याचं कळत होतं, त्यांचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ तसाच गेला. मग कडी निघाली आणि आवाज आला, "जा. पण चार घास खाऊन जा." एवढंच. पहिल्यांदा तिने हे सगळं सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण पुढचं लांबण नको, कडीवरच थांब. तिलाही ते पटलं होतं. कडी कुणी काढली ते कुणी विचारत नाही, तरी मी आले म्हटलं की लोक समजायचं ते समजतात.

"आई," तिने जीभ रेटली. "मी जे बोलते ना... त्यात काही काही..."

"माहीत आहे," सासूबाई ठमीचा फ्रॉक सारखा करत म्हणाल्या. "कपडे वाळत घालताना पुटपुटत असतेस. भिंतींना कान असतात, मला नसतील का?"

कधीपासून? कितीदा? आणि त्यानंतर रोज संध्याकाळी हिच्याच हातचं गरम जेवण मी...

"कडीचं सांग," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "त्याशिवाय रंगत नाही. पुढच्या तुकडीत माझ्या पोरीचं नाव आहे, विसरू नकोस."

नणंदेचं. काम गेल्यापासून ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. म्हणजे आपल्या लेकीसाठी हिने सुनेच्या तोंडून स्वतःची बदनामी ऐकायची ठरवली होती. ठेवणीतले कपडे घालून. तिला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. शिवी दिली असती, तोंड फिरवलं असतं, तर सोपं गेलं असतं. आतून मॅडमनी तिचं नाव पुकारलं.

माइक तोंडापेक्षा उंच होता, कुणीतरी तो खाली ओढून दिला. पाहुणे तिघे, तिघांच्याही चेहऱ्यावर सकाळपासून माणसं ऐकून आलेला थकवा. कारखाना, नवरा, पोर – वाक्यं आपापली येत गेली. पहिल्या रांगेत सासूबाई ताठ बसल्या होत्या, बोट ओठांवर. ठमी गप्प.

"आणि शिकायला निघाले त्या पहिल्या दिवशी सासूने दाराला बाहेरून कडी घातली."

ती थांबली. श्वास घेतला. एका पाहुणीने पेन खाली ठेवलं, मॅडमनी किंचित मान हलवली – छान, असंच. सासूबाईंचे ओठ बोटाआड हलले. 'तरी मी आले.' त्या वाक्य पुरवत होत्या.

रडू आलं नाही. तारेने करंगळी काचत होती आणि डोक्यात भलतंच काहीतरी उभं राहिलं, इतक्या वर्षांत एकदाही न आलेलं. त्या पायरीवर ही बाई बराच वेळ बसली होती, दाराला कान लावून, मी आत उभी होते तशी. घालणारी तीच, काढणारी तीच. मग मधल्या वेळात तिच्या मनात काय झालं? मी इतक्या लोकांना सांगितलं, आणि तिला कधी विचारलं नाही.

सभागृह वाट बघत होतं. लोकांना वाटत होतं, हिचा गळा दाटून आला आहे. पुढचं वाक्य जिभेवर होतं, त्याच्यावर वर्षभराचं सगळं अवलंबून होतं, आणि तिला या घडीला ते नको होतं, टाळ्याही नको होत्या. तिला खाली उतरून त्या पहिल्या रांगेपाशी जायचं होतं आणि एवढंच विचारायचं होतं – आई, का काढलीत?